पाण्यातला लाल

त्या पाण्यात त्यानं लाल रंग घातलाच नव्हता. गोंदिया स्टेशनाबाहेरच्या ऑटो स्टँडवर ओमेशनं आपला मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला, आणि त्या तळहाताएवढ्या काचेत चंद्रशेखरला आपण रंगवलेली भिंत दिसली, भिंतीसमोर उड्या मारणारा खराखुरा सारस दिसला, पण नजर जाऊन अडकली ती खाली, चित्रातल्या पाण्यावरच्या एका लाल डागावर. ओमेशला डाग दिसत नव्हता. ओमेश ऑटोवाला, त्याच्या ऑटोच्या पाठीवरचा मोर चंद्रशेखरच्याच हातचा, त्यामुळे पेंटरभाऊंवर आपला थोडा हक्क आहे असं तो धरून चालायचा. "पाहा ना भाऊ, कसा नाचून राहिला तुमच्या चित्रासमोर. पूरा गोंदिया पाहून राहिला हे," तो म्हणाला. पक्षी पंख उघडून दोन्ही पाय उचलून उडी घेत होता, खाली येत होता, मान वाकवून चोच पुढं फेकत होता, पुन्हा उडी. मागं कुणी बाई हसत होती, कुणी टाळ्या वाजवत होतं. चंद्रशेखरनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. पान खाऊन कुणी थुंकलं असेल, त्यानं स्वतःला बजावलं. आपल्याकडं भिंतीवर लाल दिसलं तर दुसरं काय असणार. पण लाल रंगाचा एकच डबा त्यानं त्या कामावर नेला होता, तो दोन सारसांच्या दोन डोक्यांवर आणि मानांवर संपला होता, आणि तिसऱ्यांदा पाहताना त्याला नीट कळलं की पक्ष्याची चोच दर वेळी जिथं येऊन आपटते तिथंच तो डाग आहे. "चांगलं आहे," असं काहीतरी ओमेशला म्हणून तो सायकलवर बसला.

घरचा, मुर्रीपर्यंतचा रस्ता पायांना पाठ होता, त्यामुळे डोक्याला भटकायला मोकळं रान मिळालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स लागलेले. वाढदिवसाचे, कोचिंग क्लासचे, कुणाच्या तरी निवडीबद्दल कुणाचं तरी अभिनंदन. सगळ्यांचे चेहरे एकसारखे गुळगुळीत, जणू एकाच न्हाव्याकडून उठून आलेत. दहा वर्षांपूर्वी यातल्या निम्म्या जागा चंद्रशेखरच्या होत्या. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, शाळांचे फळे, आणि या सगळ्यांच्या वर, त्याच्या जिवाचं काम म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे. महाल, जंगल, रस्ता, झोपडी कुणीही रंगवून द्यायचा, पण तलावाचा पडदा म्हटला की नाटक मंडळ्या मुर्रीला यायच्या. कापडावर चांदीची पन्नी चिकटवायची आणि तिच्यावर निळ्या रंगाचा इतका पातळ हात द्यायचा की खालची चमक मरायला नको. समोरून दिवा पडला की पाणी हलायचं. 'चंद्रूचं पाणी हलते,' असं वडशापासून आमगावपर्यंत लोक म्हणायचे. कोपऱ्यात तो नाव घालायचा, 'चंद्रशेखर पेंटर, मुर्री', पण तो कोपरा नेमका ऑर्गनवाल्याच्या पाठीमागं यायचा. हँडबिलावर नट, नट्या, मंडपवाला, झालंच तर चहाची सोय करणारा, सगळे छापले जायचे. पडदेवाला नाही. तीस वर्षं लोकांनी त्याचं पाणी पाहिलं आणि त्याचं नाव कुणी वाचलं नाही, याचं त्याला वाईट वाटायचं. ते तो बोलून दाखवत नसे, एवढंच. मग फ्लेक्स आले, पडदेही फ्लेक्सचे झाले, आणि वाईट वाटून घ्यायलाही काम उरलं नाही.

म्हणून तर घनश्यामशेठनं बोलावलं तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी अर्जुनी मोरगावच्या गाडीत बसला होता. घनश्यामशेठ गोंदियाचे राइस मिलवाले. गोव्याला जाऊन आले आणि समुद्र डोक्यात घेऊन आले. अर्जुनीकडच्या एका तलावाच्या काठी त्यांनी रिसॉर्ट बांधलं, नाव दिलं 'सागर किनारा', काठावर नदीची वाळू आणून टाकली, ट्रक भरून नारळाची मोठी झाडं आणून लावली. झाडं बिचारी पानं गाळून उभी होती. इथून कुठल्याही दिशेला निघा, दिवस मोडल्याशिवाय समुद्र लागत नाही. पण तलाव मोठा होता, वाऱ्यानं लाटा उठायच्या, आणि पैसे देऊन आलेल्या माणसाला समुद्र मानायला काही जड जात नाही. शेठना तलावाकडच्या लांब भिंतीवर डॉल्फिन पाहिजे होते. चंद्रशेखरनं डोकं खाजवलं. भिंतीपासून ओरडलं तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर दुधराम नावाच्या शेतकऱ्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, होती, आणि त्या बांधीत त्या वेळीसुद्धा सारसांचा जोडा उभा होता, माणसाएवढा उंच, राखाडी, लाल डोक्याचा, आपल्या हद्दीत पाहुणे आल्यासारखा बघत. "शेठजी, इथं रायणारे हेच हायेत. यायलेच भितीवर काढतो," तो म्हणाला. शेठनी पक्ष्यांकडं पाहिलं. "चलेगा," ते म्हणाले. "लोकल आर्ट, लोकल पक्षी. शहरवाल्यांना हेच आवडते आजकाल."

मे महिन्याचे वीस दिवस त्यानं ती भिंत रंगवली. रोज सकाळी सारस बांधीच्या धुऱ्यावर, त्या मातीच्या बांधावर, यायचे आणि तो त्यांची उभं राहण्याची तऱ्हा डोळ्यांत भरून घेऊन भिंतीशी जायचा. जोडा छान उतरला, पण पाणी मरत होतं. ऊन भिंतीवर पडायचं आणि निळा रंग नुसता निळाच राहायचा. कापडावरची पन्नी भिंतीवर पावसात टिकली नसती. मग त्यानं भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा चकचकीत पत्रा आणला, चांगला दोन माणसं आडवी झोपतील एवढा, आणि तो भिंतीच्या तळाशी, वाळूला टेकवून, सिमेंटमध्ये पक्का बसवला. त्याच्यावर निळ्याचा तोच जुना पातळ हात. सकाळी दहाच्या सुमाराला ऊन आलं आणि पाणी हललं. त्या दिवशी जेवायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. उजव्या कोपऱ्यात, पाण्यातच, त्यानं वीतभर उंचीच्या अक्षरांत नाव घातलं. इथं ऑर्गनवाला बसणार नव्हता.

उद्घाटनाला तो भागीरथेला घेऊन गेला होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि नातेवाइकांचं घर सोडून दोघं कुठं गेले असतील तर ते इथं. भागीरथेनं त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा मनातल्या मनात वाचलं असावं, कारण तिचे ओठ हलत होते. फोटोसाठी उभं राहताना तिनं वाकून पाण्यात पाहिलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. तो हसला होता. सगळेच हसले होते. सायकल घराच्या दाराशी टेकवताना ते वाकणं त्याला आठवलं.

भागीरथा ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. तिनं वर पाहिलं. "काऊन जी, तोंड काऊन उतरलं?"

त्यानं सांगितलं. सांगताना तो नाच असंच म्हणाला, कारण ओमेश नाच म्हणाला होता, आणि डागाचं शेवटी, सहज आठवल्यासारखं. तिचे हात पानावर थांबले.

"एकटाच होता?"

"एकटाच."

"मंग नाचून नाई राहिला तो. नाचते तं दोघं मिळून नाचते. तो भांडून राहिला." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी त्या पाण्यात पाहून पदर नीट केला होता. त्याले काय दिसत असन? दुसरा सारस आपल्या बांधीत आला, अशेच वाटत असन ना."

चंद्रशेखर ओसरीच्या कडेला टेकला. हे त्याला स्टँडवरच कळलं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत खरं नव्हतं.

"श्रावण चालू हाये," भागीरथा म्हणाली. "माह्या बाबाच्या बांधीत याच दिवसात आंडे रायत. बाबा तेवढा तुकडा धानाच्या रोवणीतून सोडून देत. दोघं पाळीपाळीनं बसत, एक उठला का दुसरा. हा दिवसभर भितीशी भांडून राहिला तं आंड्यावर कोण बसून राहिलं?"

"भित शेठची हाये, भागीरथा."

"पाणी तं तुमचं हाये ना."

ती पुन्हा बिड्या वळू लागली. चंद्रशेखर मागच्या खोलीत गेला, जिथं रंगांचे डबे होते. बहुतेक वाळून दगड झालेले. पडदा माणसं लांबून पाहतात, तो विचार करत राहिला, जमिनीवर बसून, पन्नास हात लांबून. पाण्याजवळ कुणी येत नाही. नटसुद्धा पडद्याला पाठ करून बोलतो. त्याची सगळी कारागिरी त्या लांबीवर उभी होती. जवळ येऊन, वाकून, खरं मानून पाहणारा कुणी त्यानं तीस वर्षांत धरलाच नव्हता. आणि ज्यानं पाहिलं तो माणूस नव्हता. सकाळी धुऱ्यावर उभं राहून आपण त्यांना पाहत होतो तेव्हा तेही आपल्याला पाहत असतील, हे कसं सुचलं नाही? डब्यांच्या रांगेत एक अर्धा डबा हलवल्यावर आत हलला. शाळेच्या फळ्याचा काळा. या रंगाला मुळीच चमक नसते, नसावीच लागते, नाहीतर मागच्या बाकावरच्या पोरांना अक्षर दिसत नाही. त्यानं तो डबा पिशवीत घातला, मग काढून ठेवला. मग पुन्हा घातला. नेला म्हणजे वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि आपण स्वतःला फसवतोय हेही त्याला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीतून उतरून तो आधी भिंतीकडं गेला नाही, दुधरामच्या बांधीकडं गेला. जितका उशीर होईल तितका बरा वाटत होता. दुधराम धुऱ्यावर काठी घेऊन बसला होता. त्याच्या बांधीच्या मधोमध धान दाबून केलेलं गवताचं बेट होतं आणि त्यावर मादी बसली होती, मान उंच, हलत नव्हती.

"आले काय पेंटरभाऊ," दुधराम म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच चंद्रशेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दोन आंडे होते जी. एक परवा गेलं. हे बाई एकटी किती बसन? भूक लागली का उठते, तिकडं कावळे बसूनच आहेत. कामधंदा सोडून मी काठी घेऊन बसून राहिलो. घरची म्हणते, तुमीच बसा मंग आंड्यावर."

"आणि हा?"

दुधरामनं काठीनं भिंतीकडं दाखवलं. "ऊन आलं का जाते. ऊन उतरलं का येते. येते तं उभाच रायते, बसत नाई. लय थकते."

ऊन यायला अजून अर्धा तास होता. चंद्रशेखर रिसॉर्टच्या फाटकातून आत गेला तेव्हा वाळूवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या, ओळीनं, भिंतीकडं तोंड करून. नागपूर, रायपूरहून आलेली दहा-पंधरा माणसं चहाचे कप घेऊन बसली होती. घनश्यामशेठ त्याला पाहून खरोखर खूश झाले, उठून खांद्यावर हात ठेवला, पाहुण्यांना म्हणाले, "ये हैं अपने आर्टिस्ट." लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं भिंतीवरचं नाव वाचून त्याच्याकडं पाहिलं आणि हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी नाव वाचून हात जोडत होतं. चंद्रशेखरनंही जोडले. पिशवीतला डबा मांडीवर आपटला.

मग सारस आला. वाळूवरून चालत, लांब लांब पाय टाकत, माणसांकडं न पाहता. उन्हाची पट्टी पत्र्यावर चढली, पाणी हललं, आणि पक्षी ताठ झाला. चंद्रशेखरला आधी आनंद झाला. हे तो पुढं भागीरथेलाही सांगू शकला नाही. माझ्या पाण्याला तो पाणी समजला; जे झाडीपट्टीतल्या हजारो माणसांनी टाळ्या वाजवून मानलं ते या पक्ष्यानं जीव टाकून मानलं; एवढा मोठा मान कुणाला मिळाला नसेल, असं त्याच्या छातीत भरून आलं, आणि तेवढ्यात पक्ष्यानं उडी घेतली. पत्रा वाजला. जवळून तो आवाज फार वाईट होता, ताट पडल्याचा. मोबाईलमध्ये टाळ्यांखाली तो ऐकूच आला नव्हता. चोच वाकून आली, पत्र्यावर आपटली, पुन्हा आपटली. वरच्या चोचीचं टोक तुटलेलं होतं. तिथून लाल येत होतं. ते पत्र्यावर ओघळून जुन्या, काळपट झालेल्या लालावर बसत होतं, आणि निळ्या पाण्यातून दुसरा सारस, तसाच तुटलेल्या चोचीचा, तसाच दमलेला, तेवढ्याच रागानं बाहेर येत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"शेठजी," चंद्रशेखर हळू म्हणाला, "हा पत्रा काढावा लागते. तो नाचून नाई राहिला. तिकडं आंडं थंडं होऊन राहिलं."

शेठनी त्याच्याकडं पाहिलं. माणूस दुष्ट नव्हता, फक्त त्यांचं मन खुर्च्यांमध्ये होतं. "दिवाली तक रुक जाओ पेंटरजी. मग बघू. इतकं मस्त बनवलं तुम्ही, आणि तुम्हीच म्हणता काढा?"

दिवाळीपर्यंत. चंद्रशेखरला त्या मादीची न हलणारी मान आठवली. पत्रा निघण्यासारखा नव्हताच. त्यानं स्वतःच तो सिमेंटमध्ये असा बसवला होता की आपल्यानंतरही राहावा. तो वाळूवर बसला, डब्याचं झाकण किल्लीनं उचकटलं, ब्रश बुडवला, आणि भिंतीकडं चालू लागला. लोकांना वाटलं, कलाकार काहीतरी सुधारतोय. पक्षी दोन पावलं मागं सरला, मान वर करून उभा राहिला. चंद्रशेखरच्या डोक्याएवढ्या उंचीवर ते लाल डोकं होतं, आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. चंद्रशेखरला भीती वाटली. पण त्यानं डाव्या टोकाला पहिला पट्टा ओढला. फळ्याचा रंग एका हातात बसतो. पाणी विझत गेलं. मागून शेठ काहीतरी म्हणत होते, मग मोठ्यानं म्हणत होते, मग कुणीतरी त्यांना "जाने दो, पंछी के बाजू में मत जाओ" असं म्हणालं. पट्ट्यामागून पट्टा. पाण्यातला सारस पायांपासून, मग पोटापासून, मग मानेपासून नाहीसा झाला. आता उजवा कोपरा उरला, वीतभर पट्टी, तिच्यात नाव.

एवढं राहू द्यावं. त्यानं ब्रश खाली केला. वीतभर जागा, त्यात अर्धी अक्षरांनी झाकलेली, पक्ष्याला तेवढ्यात काय दिसणार? बाकी सगळं तर गेलं. जोडा वर राहील, नाव खाली राहील, भागीरथेला घेऊन पुन्हा कधी येता येईल. तो दोन पावलं मागं आला. पक्षी पुढं आला. काळ्या भिंतीशी तो इकडून तिकडं चालला, मान तिरकी करून शोधत, आणि कोपऱ्याशी थांबला. हळूहळू वाकला, अगदी वाळूपर्यंत, आणि 'चंद्र' आणि 'शेखर' यांच्या मधल्या फटीत त्याला एक डोळा सापडला. त्यानं चोच मारली.

चंद्रशेखरनं त्याला हातानं बाजूला केलं. खरंच हातानं, पिसं गरम होती, आणि छाती आत धडधडत होती. पक्ष्यानंही का कोण जाणे, ते करू दिलं. मग त्यानं नावावर ब्रश फिरवला. मुर्री आधी गेली, मग पेंटर, मग तो स्वतः. रडू आलं ते नंतर, झाकण लावताना, आणि तेही झाकण बसत नव्हतं म्हणून आल्यासारखं.

शेठ जवळ आले. राग गिळून झाला होता, हिशेबी माणसाचा लवकर गिळून होतो. "फोटो आहे माझ्याकडे पूरा," ते म्हणाले. "याच मापाचा फ्लेक्स बनवून इथंच ठोकतो. तुमची गरज नाही."

"ठोका जी," चंद्रशेखर म्हणाला. "त्यातलं पाणी हलत नाई."

हे बोलताना त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यातच कुठंतरी एक चिमूटभर घमेंडही होती, ती त्याला लपवता आली नाही.

दुपारची परतीची गाडी त्यानं जाऊ दिली. दुधरामशेजारी धुऱ्यावर जाऊन बसला, काळे हात गुडघ्यांवर ठेवून. सारस बराच वेळ काळ्या भिंतीसमोर उभा होता. खुर्च्या उचलल्या गेल्या, माणसं जेवायला गेली, तरी उभाच. आपला शत्रू कुठं गेला ते त्याला कळत नव्हतं, आणि त्याला पाहून चंद्रशेखरलाही क्षणभर तसंच पोरकं वाटलं. मग बांधीतून मादीनं हाक मारली, लांब, कर्कश. नर वळला. चालत आला, वाळूतून, गवतातून, बांधीच्या पाण्यातून, बेटाशी येऊन थांबला. मादी उठली. तिचे पाय आखडले होते, ती दोनदा अडखळली. नरानं वाकून तुटक्या चोचीनं अंडं जरासं फिरवलं. खालच्या पाण्यात त्याचं सबंध रूप पडलं होतं, लाल डोक्यासकट, हलत. त्याच्याकडं त्यानं पाहिलंही नाही. पिसं सैल केली आणि बसला.

"बसला," दुधराम म्हणाला. त्यानं काठी खाली ठेवली.

"होईन काय जी त्यातून काई?" चंद्रशेखरनं विचारलं.

दुधराम बेटाकडं पाहत राहिला. "किती थंडं झालं ते त्या आंड्यालेच मालूम. पंधरा रोज तं पाहा लागते."

चंद्रशेखरनं मान हलवली. पंधरा दिवस. अंगठ्यानं तो तळहातावरचा काळा रंग खरवडत बसला. तो निघत नव्हता.